५४ पृष्ठांची स्मरणिका: आधी ५६ करा

गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेसाठी ५४ पृष्ठं आणि पर्फेक्ट बाइंडिंग (सुटी पानं कण्याला गोंदाने चिकटवणं) असा बेत असेल तर तो बदला. ९० जीएसएमच्या (चौरस मीटरला ९० ग्रॅम वजनाच्या) कागदावर कणा, म्हणजे पुस्तकाची बांधलेली कड, जेमतेम ३ मिमी होईल. त्यावर मंडळाचं नाव बसत नाही आणि गोंदाला पकडही पुरत नाही. इथे सेंटर पिनच योग्य, म्हणजे घडी घातलेले कागद एकात एक ठेवून मधल्या घडीवर पिना मारणं.

पिनला पृष्ठसंख्या ४ च्या पटीत लागते, म्हणजे आत ५६ आणि कव्हर वेगळं. डेमी १/८ आकारात (डेमी कागदाचा आठवा भाग) १८ × २३ इंची कागदावर १६ पृष्ठांचा फॉर्म, म्हणजे एकाच कागदावर दोन्ही बाजूंनी छापून घडी घातलेला पृष्ठांचा गट, बसतो. तेव्हा तीन पूर्ण फॉर्म आणि एक अर्धा. तो अर्धा सर्वांत आत घाला: २५ ते ३२ ही पृष्ठं. रंगीत जाहिराती तिथेच गोळा केल्या तर बाकी सगळं एकरंगी छापता येतं. जाहिरातदार कुरकुरतील, पण खर्चातला खरा फरक इथेच पडतो.

घड्या एकात एक घातल्या की आतली पानं सुमारे दीड मिमी बाहेर येतात आणि कटिंगमध्ये तेवढी जातात. म्हणून मजकूर व पृष्ठांक कडेपासून निदान १० मिमी आत ठेवा. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्रांना ३ मिमी ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेर जाणारा जादा भाग) द्या.

गणेशोत्सवासाठीची छपाई मुंबईच्या ऐन पावसाळ्यात होते. कव्हरला एकाच बाजूने लॅमिनेशन (प्लास्टिकचा पातळ थर) केलं की दुसरी बाजू दमट हवा शोषते आणि कव्हर वळतं. कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) कण्याला समांतर आहे ना, हे प्रेसला आधीच विचारा. पीडीएफसोबत घडी घालून पृष्ठांक टाकलेली कोरी डमीही (नमुना प्रत) द्या.