कोपरापासून करंगळीपर्यंत झिणझिण्या: बैठकीत काय बदलायचं, व्यायाम कोणता?

धागाकर्ता: टंकलेखक

दीड महिन्यापासून उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला चमक येते आणि ती करंगळीपर्यंत उतरते. सकाळी उठताना करंगळी बधिर असते. काम लॅपटॉपवर, रोज आठ-नऊ तास. कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकलेली असतात. मनगटाखाली जेलची गादी घेतली, टेनिस एल्बोचा पट्टाही बांधून पाहिला. फरक शून्य, पट्ट्याने तर दुखणं वाढलं. बैठकीत नेमकं काय बदलावं आणि कोणते व्यायाम सुरक्षित आहेत, हे जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: चेतातंतू

पट्टा आजच काढा. तो कोपराबाहेरच्या स्नायूबंधाच्या दुखण्यासाठी असतो. नस, म्हणजे इथे मज्जातंतू, दबलेली असताना तिच्यावर आणखी दाब दिला तर दुखणं वाढणारच. "हात दुखतो" एवढ्यावर उपकरणं घेतली की असं होतं. आधी कोणती नस ते ठरवा, मग ती जिथे दबते तिथला दाब काढा.

कोपर ते मनगट या भागात तीन नसा त्रास देतात. मीडियन नस मनगटात दबली तर अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं आणि रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. हीच नस कोपराखाली स्नायूत दबली तर तळव्याची अंगठ्याकडची गादीही बधिर होते, मनगटातल्या दाबात ती सहसा वाचते. रेडियल नस दबली तर कोपराच्या बाहेरच्या हाडापासून तीन ते पाच सेंमी खाली खोलवर ठणका लागतो, पण बधिरपणा बहुधा नसतो. त्यामुळेच तिला टेनिस एल्बो समजून महिनोन्महिने चुकीचे उपचार होतात. तुमचं वर्णन तिसऱ्या, म्हणजे अल्नर नसेचं वाटतं. कोपराच्या आतल्या टोकदार हाडामागे ही नस एका खोबणीत अगदी कातडीखाली असते. कोपर कुठे आपटलं की झटका बसतो तो हिचाच.

खात्रीसाठी कापसाचा बोळा फिरवून तीन गोष्टी बघा:

१. अनामिकेच्या दोन्ही कडा सारख्याच बधिर आहेत, की फक्त करंगळीकडची?
२. पंजाच्या मागच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, बधिर वाटतं का?
३. कोपर ते मनगट, आतल्या बाजूची कातडी बधिर आहे का?

प्रतिसाद: टंकलेखक

लगेच केलं. अनामिकेची करंगळीकडची कडाच बधिर आहे. पंजाच्या मागेही करंगळीखाली बधिर. कोपर ते मनगट कातडी मात्र ठीक आहे.

प्रतिसाद: चेतातंतू

मग संशय कोपरावरच. अनामिकेची अर्धीच बाजू बधिर असणं हे अल्नर नसेचं लक्षण. पंजाच्या मागच्या कातडीकडे जाणारी तिची फांदी मनगटाच्या बरीच वर फुटते, म्हणून तिथला बधिरपणा मनगटातल्या दाबाने होत नाही. आणि कोपराखालच्या आतल्या कातडीला ही नस मुळी जातच नाही. ती कातडी बधिर असती तर मानेकडे बघावं लागलं असतं. अर्थात ही घरची चाचपणी झाली, निदान नव्हे.

प्रतिसाद: मोजपट्टी

बैठकीचं मी सांगतो. कोपराच्या नसेचे शत्रू दोन: टेकणं आणि जास्त वाकवणं. कोपर ९० अंशांपलीकडे वाकलं की खोबण अरुंद होते, नस ताणली जाते आणि आतला दाब वाढतो. लॅपटॉप जवळ ओढून काम करताना नेमकं हेच होतं. म्हणून लॅपटॉप स्टँडवर, स्वतंत्र कीबोर्ड आणि माउस. यावर काटकसर करू नका. बाकी सगळे बदल याच्या नंतर.

पाय जमिनीवर सपाट ठेवून खांदे सैल सोडा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा. कीबोर्ड त्या उंचीवर किंवा दोन-तीन सेंमी खाली हवा. टेबलं साधारण ७२ ते ७५ सेंमी उंच असतात, कमी उंचीच्या माणसाला ती उंचच पडतात. अशा वेळी खुर्ची वर घ्या आणि पायांखाली पाट ठेवा. कोपराचा कोन १०० ते ११० अंश, म्हणजे काटकोनापेक्षा थोडा उघडा. कीबोर्डचे मागचे पाय मिटवा, नाहीतर मनगट मागे वळतं.

खुर्चीचे हात इतके खाली करा की कोपर टेकणारच नाही. आधार हवाच असेल तर कोपराच्या पुढच्या मांसल भागाला, हाडाला नाही. मऊ गादी लावून कोपर टेकणं हाही उपाय नव्हे, दाब थोडा पसरतो इतकंच. मनगटाखालची जेलची गादी टंकन थांबवल्यावर तळहाताचा खालचा भाग टेकवायला वापरा. टंकताना मनगट तिच्यावर दाबून ठेवलं तर उद्या मीडियन नसही कुरकुरेल.

उजवीकडे आकड्यांचे वेगळे खटके नसलेला कीबोर्ड घेतलात तर माउस सुमारे आठ सेंमी आत येतो आणि हात बाहेर फाकत नाही. उभा माउस पालथा हात थोडा सरळ करतो, रेडियल नसेच्या तक्रारीत त्याचा उपयोग होऊ शकतो. तुमच्या त्रासात फारसा नाही. फोन कानाला धरून बोलणं मात्र बंद, हेडफोन वापरा. आणि दर अर्ध्या तासाने मिनिटभर हात सरळ सोडा.

प्रतिसाद: फिजिओकट्टा

वरच्या दोघांना अनुमोदन. पण दिवसभर जपून रात्री कोपर मुडपून झोपलात तर सगळं वाया जातं. सकाळचा बधिरपणा बहुधा तिथलाच आहे. अंघोळीचा टॉवेल कोपराभोवती गुंडाळा, जाड घड्या कोपराच्या पुढच्या, म्हणजे वाकणाच्या बाजूला. वर क्रेप बँडेज सैलसर. कोपर पूर्ण ताठ नको, ३० ते ४५ अंश वाकलेलं चालेल. बोटं थंड किंवा निळसर पडली तर बँडेज घट्ट झालंय. हे निदान सहा आठवडे रोज करा. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडणारेच जास्त.

व्यायाम नस ताणण्याचा नाही, सरकवण्याचा. हात बाजूला, खांद्यापेक्षा थोडा खाली, तळवा वर. कोपर हळू वाकवताना मान त्याच खांद्याकडे झुकवा, कोपर सरळ करताना मान विरुद्ध बाजूला. एका टोकाला नस ताणली जाते तेव्हा दुसऱ्या टोकाला ती सैल पडते. दहा वेळा, दिवसातून दोनदा. मुंग्या आल्या तर हालचाल कमी करा. थांबल्यावरही त्या रेंगाळल्या तर दोन दिवस व्यायाम बंद. व्हिडिओत दाखवतात तसा पंजाचा चष्मा करून डोळ्यांवर लावणं आत्ता नको, त्यात नस पूर्ण ताणली जाते. मुठीत दाबायचा चेंडूही नको.

प्रतिसाद: चेतातंतू

डॉक्टरांकडे जाणं टाळू नका. साखर, थायरॉईड आणि बी१२ तपासून घ्या, यातलं काही बिघडलं असेल तर थोड्या दाबानेही नस कुरकुरते. नसेची विद्युत तपासणी सांगितली तर नसेतून संदेश जाण्याचा वेग कोपराच्या वर आणि खाली असा मोजला आहे का, ते अहवालात बघा. फक्त मनगटाचा आकडा तुमच्या कामाचा नाही. सुरुवातीला तपासणी नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे तेवढ्यावर त्रास खोटा ठरत नाही.

एक चाचणी घरी अधूनमधून करा. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद सपाट धरा आणि कोणाला तरी ओढायला सांगा. धरून ठेवताना अंगठ्याचं टोक आपोआप वाकत असेल, किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोलगट दिसू लागला असेल, तर स्नायूंची नस जायला लागली आहे. अशा वेळी सहा आठवडे वाट बघू नका, हाताच्या शल्यचिकित्सकांना त्याच आठवड्यात दाखवा. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर भरून येते आणि कोपरापासून पंजा बराच लांब आहे. दोन्ही हात बधिर होऊन चालताना तोल जात असेल, तर मात्र तो मानेतल्या मज्जारज्जूचा प्रश्न असू शकतो, एक दिवसही थांबू नका.

प्रतिसाद: टंकलेखक

कागद घट्ट धरता येतोय, अंगठा वाकत नाही. पट्टा काढला, खुर्चीचे हात खाली केले. टॉवेल आज रात्रीपासून. एकच शंका: उताणं झोपावं की कुशीवर?

प्रतिसाद: फिजिओकट्टा

उताणं, हात शरीराशेजारी उशीवर. कुशीवरच झोप लागत असेल तर डाव्या कुशीवर वळा आणि उजवा हात समोर लांब उशीवर ठेवा. उशीखाली किंवा गालाखाली पंजा नको.