११ जणांना कामावरून कमी करायचे आहे. हे त्यांना कसे सांगावे?

विभागप्रमुख, पुणे

नमस्कार. मी पुण्यातील सुमारे ७० माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत विभागप्रमुख आहे. ज्या परदेशी ग्राहकाकडून आमचे निम्म्याहून अधिक काम येत असे, त्याने करार न वाढवण्याचे कळवले आणि माझ्या विभागातील ११ जणांना कमी करण्याचे संचालकांनी ठरवले. शुक्रवारी संध्याकाळी एचआरने एकेकाला बोलवावे, तिथल्या तिथे राजीनामा लिहून घ्यावा आणि कामावर राहणाऱ्या बाकीच्यांना सोमवारी ई-मेलने कळवावे, असा त्यांचा प्रस्ताव आहे. राजीनामा दिला म्हणजे पुढच्या नोकरीत अडचण येत नाही, असे कारण मला सांगण्यात आले. या ११ पैकी सात जणांच्या मुलाखती मीच घेतल्या होत्या. निर्णय बदलणे माझ्या हातात नाही, परंतु तो कसा सांगावा याबाबत माझे ऐकले जाईल. कोणी सांगावे, कधी सांगावे आणि राजीनामा घेणे योग्य आहे का?

निवृत्त कामगार कायदा सल्लागार

राजीनामा घेऊ नये. आपण बोलताना ज्याला ले-ऑफ म्हणतो त्याला कायद्यात छाटणी म्हणतात. कायद्यातला ले-ऑफ म्हणजे काम नसल्यामुळे तात्पुरते घरी बसवणे. छाटणीबाबत १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात जी तरतूद होती, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे: वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कारण नमूद केलेली एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढ्या काळाचे वेतन द्यावे लागते, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. राजीनाम्यावर सही झाली की तो माणूस कागदोपत्री स्वतःहून गेलेला ठरतो आणि या भरपाईवर त्याला पाणी सोडावे लागते. व्यवस्थापकीय काम करणारे ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत हे खरे, पण ते पदाच्या नावावरून ठरत नसून प्रत्यक्ष कामावरून ठरते, त्यामुळे ‘लीड’ हा शब्द नियुक्तिपत्रात आहे म्हणून कंपनीने निर्धास्त राहू नये. एकाच प्रकारचे काम करणाऱ्यांत सर्वांत शेवटी आलेल्याला सामान्यतः आधी कमी करायचे असते. तो क्रम मोडला असेल, तर त्याची कारणे लेखी नोंदवा.

नोकरी गेलेला एक अभियंता

दोन वर्षांपूर्वी मी टेबलाच्या पलीकडे होतो. एचआरच्या ज्या बाई माझ्याशी बोलल्या, त्यांची माझी पूर्वी कधी भेट झाली नव्हती आणि मी चार वर्षे काय काम केले हे त्यांना ठाऊक नव्हते. सही केली नाही तर रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, मिळणार नाही, असे त्या दोनदा म्हणाल्या आणि मी सही केली. वडिलांना सांगायचे धैर्य झाले नाही, म्हणून तीन आठवडे डबा घेऊन नऊ वाजता घराबाहेर पडत होतो. पैशांपेक्षा मला एकच गोष्ट छळत राहिली: माझे काम कमी पडले, की कंपनीकडे काम उरले नव्हते? हे मला कोणीही सांगितले नाही, आणि पुढच्या प्रत्येक मुलाखतीत मी याच प्रश्नावर अडखळलो. तेव्हा आपण स्वतः सांगा, आणि करार गेल्यामुळे हे झाले असे पत्रात स्पष्ट लिहा. शुक्रवारची संध्याकाळ टाळा. त्यानंतरचे दोन दिवस बँक, कार्यालय, सगळे बंद असते आणि विचारायला कोणी भेटत नाही.

मराठी मंडळी, न्यू जर्सी

मे २०२० मध्ये प्रवाशांना राहण्यासाठी घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीने सुमारे १,९०० जणांना, म्हणजे एकूण कर्मचाऱ्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा, कमी केले. तेव्हा कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी सर्वांना लिहिलेल्या पत्रात उत्पन्न किती घटणार, कोणते उपक्रम थांबणार आणि निवड कशी झाली हे सांगितले होते. अमेरिकेतील लोकांना किमान १४ आठवड्यांचे मूळ वेतन आणि वर्षभराचा आरोग्य विमा दिला होता. उलट डिसेंबर २०२१ मध्ये बेटर डॉट कॉम या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीने सुमारे ९०० जणांना एकाच झूम कॉलवर काढले आणि तिचे प्रमुख विशाल गर्ग यांना नंतर त्या पद्धतीबद्दल माफी मागावी लागली. इथे एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसावर असलेल्यांना नोकरी गेल्यावर नवी शोधण्यासाठी सहसा ६० दिवसच मिळतात, त्यामुळे आठवडाभर आधी कळण्याचे मोल आम्ही जाणतो. आपल्याकडेही सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो. त्या ११ घरांत कोणाचे उपचार चालू आहेत का, हे आधी पाहावे.

विभागप्रमुख, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. काल संचालकांशी बोललो. राजीनाम्याचा आग्रह त्यांनी सोडला असून नोटीस आणि भरपाई नियमाप्रमाणे दिली जाईल. मंगळवारी सकाळी मी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलेन, एचआर सोबत असेल, आणि उरलेल्यांनाही त्याच दुपारी समोर बसवून सांगितले जाईल. एकाच्या पत्नीचे बाळंतपण दोन महिन्यांवर आहे, हे मला या चर्चेनंतर चौकशी केल्यावर कळले. विमा तीन महिने चालू ठेवण्यास संचालकांनी अजून होकार दिलेला नाही. त्यांनी खर्चाचा आकडा मागितला आहे आणि तो मी आज विमा कंपनीकडून घेत आहे.