वाघेरी की वागुएरी?

नकाशावरचं 'वागुएरी' (Vaguerim) आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं वाघेरी हे दोन वेगळे डोंगर का, असं एकाने विचारलंय. नाही हो, नाव एकच! नकाशावरचं स्पेलिंग पोर्तुगीज. त्या भाषेत 'ग'पुढे 'ए' आला की उच्चार बदलतो, म्हणून मध्ये 'यू' घालतात. शेवटचा 'एम' फक्त नाकातला सूर दाखवायला. आपण तो इंग्रजीसारखा वाचतो नि फसतो. (मोर्ले गावाचं 'मोर्लेम' तसंच झालं.) नकाशावरचं आणखी एका डोंगराचं नाव, 'कातलांचिमाउली', मी तरी कातळाची माऊलीच वाचतो.

घोळ उंचीचाही आहे. सोंसोगड हा गोव्यातला सर्वांत उंच डोंगर, हे बहुतेक सगळे मानतात. उंची मात्र कुठे १०२६ मीटर छापतात, कुठे ११६७. फरक थोडाथोडका नव्हे, १४१ मीटरचा! नावं विचारायची तर नकाशा मिटा, पायथ्याच्या गावात जा.