सांगलीत घराच्या आवारात पोहण्याचा तलाव : खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

प्रश्न (कृष्णाकाठ, सांगली)
वडिलांच्या गुडघ्यांना पाण्यातला व्यायाम मानवतो, म्हणून आवारात ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असा जमिनीतला तलाव बांधण्याचा विचार आहे. एका ठेकेदाराने चौरस फुटावर दर दिला, दुसऱ्याने ठोक रक्कम सांगितली आणि दोहोंत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. तुलना कशी करावी?

उत्तर (स्थापत्य अभियंता, सातारा)
चौरस फुटाच्या दरात ना खोली दिसते ना जमीन, म्हणून तो बाजूला ठेवावा. आपल्या तलावात ३८,४०० लिटर पाणी मावेल, म्हणजे साडेतेरा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). परंतु तळ आणि भिंतींची जाडी व शटरिंगसाठी (काँक्रीट ओतण्याच्या साच्यासाठी) चहूबाजूंनी लागणारी जागा धरली, तर खोदाई ९.६ × ५.६ × १.६ मीटर, म्हणजे सुमारे ३० ब्रास होते. ही माती कोण, कुठे नेऊन टाकणार, हेही लिहून घ्यावे. साताऱ्याकडे मुरूम संपून काळा पाषाण लागला, की ब्रेकर तासावर लावावा लागतो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ती काढून मुरमाचा थर दाबून भरण्याचा खर्च धरावा लागतो. २० सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट सुमारे १३ घनमीटर लागेल आणि ते आयएस ३३७० या पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे एम-३० पेक्षा कमी प्रतीचे नसावे. आतील टाइल्स सुमारे ६५५ चौरस फूट. सहा तासांत सगळे पाणी एकदा गाळायचे, तर पंप तासाला ६,४०० लिटरचा हवा. प्रत्येक बाबीचे परिमाण आणि दर दोघांकडूनही वेगवेगळे मागावेत.

उत्तर (मिरज)
आमच्या अंदाजपत्रकात वॉटरप्रूफिंग होते, पण पाणी भरून घेण्याची चाचणी नव्हती. गळती टाइल्स बसल्यावर कळली आणि त्या उखडताना फार वाईट वाटले. टाइल्सपूर्वी सात दिवस पाणी भरून पातळी मोजण्याची अट करारात अवश्य घालावी.

प्रश्नकर्ता
शेजारच्या विहिरीचे पाणी श्रावणात जमिनीपासून जेमतेम एक फुटावर येते. त्याचा अंदाजावर परिणाम होईल का?

उत्तर (स्थापत्य अभियंता, सातारा)
सर्वांत मोठा परिणाम त्याचाच होईल. तलावाच्या रिकाम्या काँक्रीट टाकीचे वजन सुमारे ३३ टन भरेल; उलट बाहेरचे पाणी तळाच्या खालच्या बाजूपासून एक मीटर वर चढले, की ते टाकीला सुमारे ३७ टन जोराने वर ढकलते. आपल्याकडे पाणी त्याहूनही वर चढणार, म्हणून पावसाळ्यात तलाव रिकामा करू नये, आणि तळाखाली गिट्टीचा थर, सच्छिद्र पाइप व दाब सोडणारा व्हॉल्व्ह यांचा खर्च आजच अंदाजात धरावा. माझे मत विचाराल तर तलाव दोन फूट जमिनीच्या वर घ्यावा. खोदाई घटेल, पाण्याचा दाब कमी होईल आणि वडिलांना काठावर बसून सावकाश आत उतरता येईल.