‘करडी’ नायिका म्हणजे कडक नायिका का?

एक शब्द हवा आहे. एका फँटसी कादंबरीवर टिपण लिहिते आहे. कादंबरीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा शब्दावरून तिच्या शेवटावर जाईल आणि ज्यांनी ती अजून वाचलेली नाही ते माझ्या नावाने बोटं मोडतील.

गोष्ट थोडक्यात अशी. राज्यात तापाची साथ आहे. एका वैद्य बाईला मंत्र येतो, पण त्या मंत्राने ताप मरत नाही. एका अंगातून काढून दुसऱ्या अंगात घालता येतो, एवढंच. ती तो फाशीच्या कैद्यांच्या अंगात घालते. पुढे फाशीचे कैदी संपतात, मग भुरट्या चोरांची पाळी येते. ताप सोडण्याआधी ती प्रत्येकाला त्याचं नाव विचारते, आईचं नाव विचारते, आणि दोन्ही एका वहीत लिहून ठेवते. का लिहिते, ते कादंबरी शेवटपर्यंत सांगत नाही.

मी टिपणात ‘करडी नायिका’ असं लिहिलं. पहिल्याच वाचकाने विचारलं, “म्हणजे फार शिस्तीची आहे का?” इंग्रजीत याला सरसकट ‘मॉरली अँबिग्युअस’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं?

*

तुमच्या वाचकाचं चुकलेलं नाही. मराठीत करडे दोन आहेत. एक रंगाचा, करडा घोडा किंवा करडी मांजर यातला. दुसरा स्वभावाचा, करडी नजर, करडी शिस्त, करडा आवाज. आणि माणसाच्या आधी ‘करडा’ आला की कान दुसराच अर्थ उचलतो. करडा मास्तर म्हटल्यावर त्याच्या केसांचा रंग कोणाच्या मनात येतो? ‘ग्रे कॅरेक्टर’चं शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करताना हा दुसरा करडा आडवा येतो, आणि तुमच्या बिचाऱ्या वैद्य बाईच्या हातात उगाच छडी येते.

‘राखाडी’ म्हटलं तर हा घोटाळा टळतो, पण मग तो निव्वळ रंगच राहतो. ‘राखाडी नायिका’ वाचून मला तिची साडी दिसली.

*

धूसर चालेल ना? ‘धूसर व्यक्तिरेखा’ मी बऱ्याच परीक्षणांत वाचलंय.

*

मीही वाचलंय, आणि दर वेळी अडखळलोय. धूसर म्हणजे मुळात धुळीच्या रंगाचं, पण मराठीत आज तो शब्द दिसण्याशी बांधला गेलाय. डोंगर धूसर दिसतो, आठवण धूसर होते. जे नीट दिसत नाही ते धूसर. म्हणून ‘धूसर व्यक्तिरेखा’ वाचलं की मला वाटतं, लेखकाला ती नीट रेखाटता आली नाही. ही तर तक्रार झाली! वहीवाली बाई मुळीच धूसर नाही. तिची बोटं कशी आहेत, ती वहीत रेघ कशी मारते, सगळं लख्ख दिसतं. दिसत नाही तो तिचा हेतू.

रंगाबद्दल आणखी एक. करडा, राखाडी, धूसर यांतला कुठलाही घ्या, त्यात गृहीत हेच की काळं आणि पांढरं एकत्र कालवलंय. म्हणजे थोडी चांगली, थोडी वाईट, सरासरी काढा. ही बाई सरासरी नाही. ती एकाच कृतीत पूर्ण दयाळू आहे आणि पूर्ण निर्दय आहे. कालवलेलं काहीच नाही तिथे.

*

मग ‘संदिग्ध’ घ्या. सरळ, जुना, सगळ्यांना कळणारा. व्युत्पत्तीही मजेची आहे. सम् + दिह्. दिह् म्हणजे माखणं, लिंपणं. ‘संदेह’ त्याच धातूचा, आणि ‘देह’सुद्धा त्याचाच. संस्कृतात विषदिग्ध बाण म्हणजे टोकाला विष माखलेला बाण. तेव्हा संदिग्ध म्हणजे ज्यावर काहीतरी असं फासलंय की खालचा पृष्ठभाग कळत नाही. ताप एका देहातून दुसऱ्या देहात लिंपणाऱ्या बाईला याहून चपखल शब्द मला तरी सुचत नाही.

*

व्युत्पत्ती सुरेख आहे, पण वापरात एक अडचण आहे. मराठीत आपण संदिग्ध म्हणतो ते बोलण्याला किंवा लिखाणाला: संदिग्ध उत्तर, कायद्यातलं संदिग्ध कलम, संदिग्ध शेवट. माणसाला लावलं की ते हिंदी बातमीसारखं वाटतं, कारण हिंदीत संशयिताला ‘संदिग्ध’ म्हणतात. ‘संदिग्ध नायिका’ वाचून पोलीस तिच्या मागावर आहेत असं वाटेल.

‘नायिकेचा हेतू संदिग्ध आहे’ हे मात्र अगदी ठीक. विशेषण बाईवरून काढून हेतूला लावा.

*

मी ती कादंबरी वाचली आहे (कुठली ते ओळखलं) आणि मला ती आवडलेली नाही, म्हणून वेगळा शब्द सुचवतो: नरो वा कुंजरो वा. वही का लिहिते ते लेखिकेलाच ठरवायचं नव्हतं. पश्चात्ताप म्हणावा तर बाई थांबत नाही. हिशेब म्हणावा तर आईचं नाव कशाला? दोन्ही बाजूंचे वाचक खूश राहावेत म्हणून मोघम ठेवलंय. याला गहनता म्हणत नाहीत, तळ्यात-मळ्यात म्हणतात.

*

तुमचा राग समजतो, पण वाक्प्रचार उलटा लागू होतोय. धर्मराजाला काय खरं ते पक्कं ठाऊक होतं. मेला तो अश्वत्थामा नावाचा हत्ती. द्रोणपर्वात ‘अश्वत्थामा मेला’ एवढं तो स्पष्ट म्हणतो आणि ‘कुंजर’ हा शब्द पुटपुटतो. द्रोणांना ऐकू जाऊ नये एवढ्याच बेताने. संदिग्धता त्याच्या मनात नव्हती, आवाजाच्या पट्टीत होती. आणि व्यासांनी तिथे निकाल हातचा राखलेला नाही. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्याच क्षणी खाली टेकतो.

तेव्हा ‘नरो वा कुंजरो वा’ हा आरोप आहे. बोलणाऱ्याला सत्य माहीत असून त्याने ते दडवलं, असा. तो लेखिकेवर ठेवायचा तर तिला उत्तर माहीत होतं हे आधी दाखवावं लागेल. मला वाटतं, तिला माहीत नव्हतं. आणि वही दर खेपेला तपशिलाने येते, ती ते तसंच मोकळं ठेवण्यासाठी.

*

म्हणजे तुम्हाला आवडली तर ‘मोकळी ठेवली’ आणि मला नावडली तर ‘मोघम ठेवली’! शब्द निवडतानाच निकाल लागतोय की.

*

हो, लागतोय. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

*

मध्येच एक दुरुस्ती. या नायिकेला कोणीतरी ‘प्रतिनायिका’ म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो, म्हणू नका. ‘अँटीहीरो’साठी ‘प्रतिनायक’ रूढ होऊ पाहतोय, पण जुन्या नाट्यशास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या ‘दशरूपका’त तो लोभी, धीरोद्धत, हेकट, पापी आणि व्यसनी सांगितलाय. रामासमोर रावण, युधिष्ठिरासमोर दुर्योधन. आपली वैद्य बाई कोणाच्या समोर उभी आहे? साथीच्या. मग प्रतिनायक झालाच तर तो ताप.

धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत या नायकाच्या चार जुन्या प्रकारांतही ती बसत नाही. धीर मात्र आहे, तोच जरा जास्त आहे.

*

शास्त्री मंडळींनो, जरा जमिनीवर या. मराठीत अशा माणसांना शब्द कमी आहेत असं कोण म्हणतं? बेरकी, बनेल, बिलंदर, इरसाल, कावेबाज, पाताळयंत्री, आतल्या गाठीचा. प्रत्येकाची छटा वेगळी. बेरकी माणूस फसवतो पण आपल्याला त्याचं थोडं कौतुक वाटतं. पाताळयंत्री माणसाचं वाटत नाही. आतल्या गाठीचा तर काही करतोच असंही नाही, फक्त मनातलं कळू देत नाही. तुमची बाई मला आतल्या गाठीची वाटते.

*

‘आतल्या गाठीची’ छान आहे! पण बाकीच्या शब्दांबरोबर एक हसू येतं. बेरकी, इरसाल म्हणताना ओठाचा कोपरा हलतो. हे शब्द बांधावरून भांडणाऱ्याला शोभतात. चोरी केली म्हणून आत गेलेल्या पोराला आईचं नाव विचारून मारणाऱ्या बाईला ‘इरसाल’ म्हटलं तर ऐकणारा आपल्याकडेच विचित्र नजरेने बघेल.

*

कोणी ‘आपद्धर्म’ का म्हणत नाही? शांतिपर्वात त्यावर स्वतंत्र उपपर्व आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी चोरायला जातो, पकडला जातो, आणि चांडाळच त्याला धर्म सांगू लागतो. ऋषी ऐकत नाही, म्हणतो, आधी जगलं पाहिजे, मग धर्म करता येईल. नैतिक गुंत्याचं इतकं धारदार, आणि खरं तर विनोदी, दृश्य मी दुसरं वाचलेलं नाही.

*

आपद्धर्म आपत्ती संपली की संपतो, हीच त्याची अट. या कादंबरीत मला खटकलं ते तेवढंच, आणि आवडलंही तेच. साथ ओसरल्यावरही वही संपत नाही. सातव्या प्रकरणात ती कोरी पानं शिवून घेते. ताप नाही, कैदी नाहीत, आणि ही बसून पानं शिवते आहे. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

या जागी मला ‘साधनशुचिता’ हा शब्द आठवतो. साध्य चांगलं म्हणून साधन शुद्ध होत नाही, एवढं सगळं त्या एका शब्दात मावतं. राजकारणावरच्या लेखांत गुळगुळीत झालाय, पण इथे नवा वाटेल.

*

मूळ प्रश्न विचारणारी मीच. सगळ्यांचे आभार, माझा गोंधळ आता जास्त नेमका झालाय. मी एकाच विशेषणात चार गोष्टी कोंबत होते. बाई वाईट आहे का, बाईचा हेतू कळतो का, लेखिकेने बाजू घेतली का, आणि या जगात नीतीला काही किंमत आहे का. शेवटच्यासाठी ‘नीतिनिरपेक्ष’ लिहिणार होते, पण ते इथे साफ चूक ठरेल. ज्या गोष्टीत आईचं नाव विचारलं जातं ती नीतिनिरपेक्ष कशी?

‘अद्भुतरम्य’ही खोडलं. अद्भुत आहे, रम्य काहीच नाही. 1861 सालच्या ‘मुक्तामाला’ कादंबरीला ते विशेषण शोभतं. इथे ‘फँटसी’च राहू दे.

आता शेवटचं वाक्य अडलंय: “कादंबरीला वाचकांचा संमिश्र प्रतिसाद मिळाला.” हे बरोबर वाटतं का?

*

नको. ‘संमिश्र प्रतिसाद’ ही बातमीदारांची सभ्य थाप आहे. बंद फसला, सभेला माणसं आली नाहीत, की संमिश्र प्रतिसाद. शिवाय त्यातून कळत नाही की वाचकांचे दोन गट पडले, की प्रत्येक वाचक आतून दोन झाला. पहिलं असेल तर ‘दुमत’ किंवा ‘उलटसुलट प्रतिक्रिया’. दुसरं असेल तर ‘द्विधा’. दुमताला दोन माणसं लागतात, द्विधेला एकच पुरतं. (‘दुमत’ आपण बहुतेक ‘नाही’बरोबरच वापरतो, ‘याबद्दल दुमत नाही’ असं. इथे निदान एकदा ते असू द्या.)

*

नरो वा कुंजरो वा म्हणणारा मी. मी स्वतःला पहिल्या गटात धरत होतो, पण वरचं कोऱ्या पानांचं वाचून तो भाग पुन्हा काढला. लेखिकेबद्दलचं मत बदललेलं नाही. पण तो प्रसंग मी पहिल्या वेळी घाईत वाचला होता, हे कबूल.

*

मग लिहिते: “नायिकेचा हेतू शेवटपर्यंत संदिग्ध राहतो. तिच्याबद्दल वाचकांत दुमत आहे, आणि मी स्वतः द्विधा आहे.” विशेषण बाईला एकही नाही.

*

वाक्य आवडलं. फक्त ‘मी द्विधा आहे’ नको. ‘द्विधा’ मूळचं अव्यय, बहुधा, शतधा यांच्यातलं. ‘माझी मनःस्थिती द्विधा आहे’ लिहा. किंवा सरळ ‘माझं अजून ठरत नाही’.