थंडीत पिस्तूल गाडीतच राहू द्यावं की रोज घरात आणावं?

गारठलेला:
मी 'गाडीतच राहू दे' या बाजूचा. आळस म्हणून नाही. (थोडा आळस आहेच.)

दोन हिवाळ्यांपूर्वी रोज रात्री पिस्तूल घरात आणायचो. बाहेर उणे १०, घरात २२. टेबलावर ठेवलं की बघता बघता स्लाइडवर (नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावर) दुधावर साय धरावी तसा धूसर थर यायचा आणि बोट फिरवलं की ओली रेघ उमटायची. फडक्यानं पुसून झोपायचो, सकाळी परत गाडीत. महिनाभरानं नेम धरायच्या मागच्या साइटच्या खाचेत आणि मॅगझिनच्या तोंडाशी तांबूस ठिपके दिसायला लागले.

कारण साधं आहे. २२ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर हवेचा दवबिंदू साधारण ११ अंशांवर असतो. त्याहून गार वस्तू आत आणली की तिच्यावर पाणी धरणारच. वरचं पाणी पुसता येतं, पण स्प्रिंगच्या वेटोळ्यांत आणि काडतुसावर आपटणाऱ्या फायरिंग पिनच्या भोकात शिरलेलं कोण पुसणार? सकाळी गाडीत गेलं की तेच पाणी तिथं गोठतं.

गेल्या हिवाळ्यात ते सीटखालच्या लोखंडी पेटीतच ठेवलं. पेटीला कुलूप आहे आणि ती वायररोपनं सीटला बांधलेली आहे. ठिपका एकही नाही. नुसत्या थंडीनं पोलादाचं काही बिघडत नाही. १०० मिमीची नळी ४० अंशांनी गार झाली तरी जेमतेम ०.०५ मिमी आखडते. मग रोजची ने-आण कशाला?

सुईदोरा:
गंजाचा हिशेब चोख मांडलात, चोरीचा विसरलात. गंजलं तर तुमचं नुकसान. चोरीला गेलं तर ज्याच्यावर ते रोखलं जाईल त्याचं.

तसली पेटी मीही वापरली आहे. काच फोडून हात घालणाऱ्या भुरट्याला ती थोपवते, पण ज्याच्याकडे वेळ आणि कटर आहे त्याच्यापुढे वायररोप म्हणजे सुतळी. आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीपाशी चोराला वेळच वेळ. वर हिवाळ्यातली ती सवय: सकाळी इंजिन चालू करायचं, काचेवरचा बर्फ वितळेपर्यंत घरात चहा घ्यायचा. किल्ली लावलेली, हीटर चालू, सीटखाली पिस्तूल. चोराला गाडीसुद्धा खरवडावी लागत नाही!

गारठलेला:
गाडी चालू ठेवून आत जात नाही. (जायचो. आता नाही.)

खिळेमोळे:
गारठलेराव, ठिपका नाही म्हणजे पिस्तूल ठीक आहे, हे कुणी सांगितलं? माझ्या पिस्तुलावरही ठिपका नव्हता.

रात्रभर डिकीत राहिलेलं पिस्तूल घेऊन रेंजवर गेलो. पहिल्याच गोळीला नुसतं 'टक'. कधी कधी गोळी उशिरानं उडते, म्हणून नळी निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट थांबलो, मग काडतूस काढलं. प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाशी पिन आपटते त्या टिकलीवर) नखानं टोचल्याएवढाच खळगा. दुसरं काडतूसही तसंच. घरी उघडून पाहिलं तर फायरिंग पिनच्या भोकात ग्रीस, तेही मीच प्रेमानं भरलेलं! गारठ्यात त्याचा डिंक झाला होता. पिन पुढे जात होती, पण मरगळल्यासारखी.

तेव्हापासून तो भाग पुसून कोरडा ठेवतो आणि स्लाइडच्या खाचांना थंडीतही पातळ राहणाऱ्या तेलाचा एकेक थेंब देतो. अगदी कोरडं ठणठणीत ठेवा म्हणणारेही भेटतात, ते मला पटत नाही. धातूवर धातू घासतो तिथं काहीतरी हवंच.

गोळ्यांची मात्र चिंता नको. थंडीत दारू जरा मंद जळते, वेग थोडा कमी होतो, इतकंच. काडतुसांचा खरा शत्रू उन्हाळ्यात तापलेली गाडी.

सुईदोरा:
आता गारठलेल्यांच्या मूळ मुद्द्यावरच येते. 'गाडीत तापमान सारखं राहतं' हे गृहीत धरूनच तुमचं सगळं उभं आहे ना? गाडी रात्रभर सारखी गार असते, मान्य. सकाळी हीटर लावता ना? बुटाला चिकटलेला बर्फ वितळून मॅटवर डबकं होतं, श्वासाची वाफ असतेच, आणि काही गाड्यांत गरम हवेचं एक तोंड सीटखालीच उघडतं. म्हणजे गार पेटीला दमट ऊब मिळते ती नेमकी तिथंच. घरात होतं तेच गाडीत होतंय, फक्त तुम्हाला दिसत नाही. दृष्टीआड सृष्टी.

गारठलेला:
माझा प्रवास पंधरा मिनिटांचा. गाडी जेमतेम कोमट होते तोवर पोचतो.

बरं, पेटीचं झाकण बंद असतं आणि आत फोमही आहे.

सुईदोरा:
फोम! तो पाणी पितो आणि धरून ठेवतो. कातडी होल्स्टरचंही तेच, ठेवून देताना पिस्तूल त्यातून काढून ठेवायला सांगतात ते उगाच नाही. आणि तुमच्या पेटीला कीपॅड आहे का? आत साधे अल्कलाइन सेल असतील तर कडाक्याच्या थंडीत तेच आधी मान टाकतात. मग चोर आत आणि मालक बाहेर.

झूमलेन्स:
पिस्तुलातलं मला फार कळत नाही, पण कॅमेऱ्याचं हेच दुखणं आम्ही वर्षानुवर्षं काढतो. उपाय फुकटातला आहे. बाहेर, गार असतानाच कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालायचा, हवा दाबून काढायची, झिप लावायची आणि मगच घरात यायचं. पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं. दोनेक तास उघडायची नाही. सगळे चुकतात ते इथंच, वीस मिनिटांत उघडतात आणि म्हणतात उपयोग नाही.

खिळेमोळे:
चांगलंय, पण कॅमेरा भरलेला नसतो हो! पिशवीत घालायच्या आधी पिस्तूल रिकामं करायचं म्हणजे काकडलेल्या बोटांनी, हातमोजे घालून, अंधारात, गाडीत बसून स्लाइड ओढायची. नको तिथं गोळी सुटायला याहून चांगला मुहूर्त नाही. शिवाय रोज तेच काडतूस काढून परत चेंबरमध्ये भरलं की बुलेट हळूहळू काडतुसाच्या नळकांड्यात मागे दबत जाते आणि उडवताना दाब वाढतो. ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक प्लॅस्टिकच्या होल्स्टरमध्ये असेल तर होल्स्टरसकट उचला, तसंच पिशवीत घाला. रिकामं करायचं ते घरात, ऊब आल्यावर, शांतपणे.

आजोळ:
आणि ते दोन तास? पिशवी टेबलावर? घरात पोरं आहेत म्हणून विचारतेय.

झूमलेन्स:
हे सुचलंच नव्हतं. पिशवीसकट थेट कुलपाच्या लॉकरमध्ये. पिशवी बंदच आहे, कुठंही ठेवली तरी फरक पडत नाही.

गारठलेला:
काल करून पाहिलं. पिशवीवर थेंबच थेंब. अडीच तासांनी लॉकर उघडला, आतलं पिस्तूल कोरडं. मागच्या साइटच्या खाचेत मुद्दाम टिश्यूचं टोक घालून पाहिलं, तेही कोरडं. फायरिंग पिनही काढली. ग्रीस नव्हतं, पण तेल मधासारखं झालं होतं. ते पुसलं.

पेटी मात्र काढणार नाही. जिथं पिस्तूल आत नेता येत नाही तिथं तासाभरासाठी ती लागतेच.

सुईदोरा:
तासाभरासाठी चालेल. फोम काढून टाका.

गारठलेला:
काढला. खालून ओलाच होता.