मदत हवी आहे: पासोलिनीच्या लेखांसाठी इटलीचं बॅकग्राउंड
मंडळी, पासोलिनी आपल्याकडे सिनेमावाला म्हणूनच माहितीये, पण तो कादंबरीकारही होता आणि १९७३ ते ७५ मध्ये मुख्यतः 'कोरिएरे देला सेरा' या पेपरात राजकारण-समाजावर लिहिलेले त्याचे लेख 'स्क्रित्ती कोर्सारी'त एकत्र आलेत, तेच वाचतोय. पोरांच्या लांब केसांवरचा लेख लगेच कळला (जरा खडूसच वाटतो तिथे), पण १ फेब्रुवारी १९७५ चा काजव्यांवरचा लेख प्रदूषणाने काजवे गेले इथून थेट ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या सत्तेवर उडी मारतो आणि तिथे माझी गाडी अडते. १९७४ चं घटस्फोटाचं सार्वमत, बाँबस्फोट, सगळं वाचकाला माहितीच आहे असं धरून चालतो हा माणूस. त्या काळच्या इटलीवर सोपं काही सुचवाल का, मराठी-हिंदी-इंग्रजी काहीही चालेल? वाचनकट्ट्यावर बोलायचंय, जाडजूड ग्रंथ नको प्लीज.